आठवडाभर नुसता धूर, मग एक निखारा : रानातली जुनी कसबं हाताने शिकताना

पालापाचोळा

बरेच दिवस या मंचावर हा धागा काढायचं मनात होतं. आज काढतोच.

मी वीस-बावीस वर्षं डोंगरदऱ्या हिंडतोय. पहाटे निघायचं, माथा गाठायचा, फोटो काढायचे, अंधार पडायच्या आत परत. मला रान आवडतं असं मी सगळ्यांना सांगायचो आणि ते खोटं नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वी एकदा पावसात अडकलो, शेकोटी करायची वेळ आली, आणि कळलं की ज्या वाटेने शंभरदा गेलो तिथलं कुठलं लाकूड मऊ, कुठलं टणक, कुठलं ओलं असूनही आतून कोरडं निघतं, यातलं मला काहीच सांगता येत नाही. इतकी वर्षं मी त्या घरी पाहुणा म्हणून जात होतो. पाहुण्याला दिवाणखाना माहीत असतो, फडताळात काय आहे ते माहीत नसतं.

मग ठरवलं, एकेक गोष्ट हाताने करून बघायची. आग, दोरी, निवारा, मातीचं भांडं, पाऊलखुणा. याला बुशक्राफ्ट म्हणतात. संकटात जीव कसा वाचवायचा, हा त्यातला एक भाग झाला. माझ्यासाठी तो दुय्यम आहे. मला ओळख हवी होती. आणि दोन वर्षांत एवढं पक्कं कळलं की झाडाकडे नुसतं बघून ते ओळखीचं होत नाही. त्याच्याकडे काहीतरी मागावं लागतं, आणि ते नाही म्हणालं तर का म्हणालं हे शोधत बसावं लागतं.

सुरुवात आगीपासून केली. लाकडावर लाकूड घासून. ज्यांनी सुतारांचा जुना सामता पाहिला असेल त्यांना रचना लगेच कळेल. खाली एक चपटी फळी, तिच्यावर उभी काठी, काठीला दोरीचा एक वेढा देऊन धनुकली, आणि वरून काठी दाबून धरायला खळगा असलेला ठोकळा. धनुकली पुढेमागे ओढली की काठी रवीसारखी फिरते.

फळी अंगठ्याइतकी जाड. लाकूड हलकं, पूर्ण वाळलेलं, राळ नसलेलं. नख दाबलं की खूण उमटली पाहिजे, पण भुगा व्हायला नको. जमिनीवर पडलेलं लाकूड घेऊ नका, ते मातीतली ओल पीत राहतं. उभ्या उभ्या वाळलेली फांदी शोधा. घायपाताचा फुलोऱ्याचा दांडा मिळाला तर उत्तमच. काठी वीतभर, सरळ. तिचं खालचं टोक बोथट ठेवायचं, कारण घर्षण तिथे हवं, आणि वरचं निमुळतं करायचं, कारण तिथे नको. ठोकळ्याच्या खळग्यात थोडं तेल किंवा मेण लावायचं.

पहिले चार दिवस काठी उडून जायची, नाहीतर दोरी घसरायची. पाचव्या दिवशी कळलं की चूक हातात नाही, बसण्यात आहे. डावा पाय फळीवर ठेवून डावं मनगट नडगीला घट्ट टेकवायचं. मग वरचा ठोकळा हलत नाही आणि काठी सरळ राहते. त्या दिवशी पहिल्यांदा धूर आला. भरपूर आला. निखारा मात्र नाही.

इथे मला भुशाचा रंग वाचायला शिकावं लागलं. भुसा फिकट तपकिरी पडत असेल तर वेग आणि दाब दोन्ही कमी आहेत. केसाळ, जाडाभरडा पडत असेल तर दाब जास्त झालाय. काळपट, मऊ, काजळीसारखा भुसा पडायला लागला की समजायचं, जवळ आलोय. लाकूड साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे विघटित व्हायला लागतं आणि त्या काळ्या पुडीत कोळसा तयार झालेला असतो. पण ती पूड पसरली की थंड होते. म्हणून भोकाच्या मध्याकडे जाणारी एक खाच कापायची, वर्तुळाच्या साधारण आठव्या भागाएवढी. सगळी पूड त्या खाचेत एका ढिगात साठते आणि आपल्याच उष्णतेवर धुमसायला लागते. माझी खाच अरुंद होती. सात दिवस मी खांदे मोडेस्तोवर धनुकली ओढत होतो, आणि अडलं होतं ते सुरीच्या दोन कापांवर.

आठव्या दिवशी संध्याकाळी हात थांबवला तरी धूर थांबला नाही. निखारा जन्मल्याची खूण हीच. आता घाई करायची नाही. फळी अलगद उचलायची, ढिगाला मिनिटभर स्वतःचं स्वतः पेटू द्यायचं, मग चुरगाळलेल्या वाळक्या सालीच्या घरट्यात ठेवून हळू, लांब फुंकर. ज्वाळा उठली तेव्हा मी एकटाच होतो आणि मला रडू आलं.

दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत सुमारे १० लाख वर्षांपूर्वीच्या थरात राख आणि जळालेली हाडं सापडली आहेत. इतकं जुनं नातं आहे आपलं आगीशी. हे वाचून माहीत होतं. अंगाने कळलं त्या संध्याकाळी.

तुमच्यापैकी कुणी असं काही करतं का? आणि दोरी वळण्यात कुणाचा हात बसलेला असेल तर कृपया लिहा, माझी दोरी दर वेळी जोडावर तुटते.

दोनपेडी

धागा वाचून फार बरं वाटलं. पालापाचोळा, दोरीचं मी सांगते, गेली सहा वर्षं तेच करतेय.

तुमची दोरी जोडावर तुटते म्हणजे तुम्ही दोन्ही पेडांत एकाच जागी नवे धागे घालत असणार. सुरुवातच विषम करा. तंतूंची जुडी मधोमध दुमडू नका, एक बाजू लांब आणि एक आखूड राहील अशी दुमडा. मग दोन पेड वेगवेगळ्या वेळी संपतात आणि दोन जोड कधीच शेजारी येत नाहीत. पेड पूर्ण संपेपर्यंत थांबू नका. तो बारीक व्हायला लागला की नवे तंतू तीन-चार बोटं आधीपासून त्याच्यात मिसळत चला.

आता पिळाचं. एक पेड घेऊन तो स्वतःभोवती उजवीकडे पिळायचा आणि मग दुसऱ्या पेडावरून डावीकडे टाकायचा. पुन्हा दुसरा पेड उजवीकडे पिळायचा, पहिल्यावरून डावीकडे टाकायचा. इतकंच, पुन्हा पुन्हा. प्रत्येक पेडाला उलगडायचं असतं एका दिशेला, दोघांच्या वेढ्याला उलगडायचं असतं दुसऱ्या दिशेला, आणि दोघं एकमेकांना धरून ठेवतात. ना गाठ, ना डिंक. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आपण माणसांच्या हट्टाबद्दल म्हणतो. एकदा हाताने सुंभ वळून बघा, ती म्हण किती नेमकी आहे ते कळेल.

तंतू कुठून काढायचे? ज्या झाडाझुडपांच्या सालीत किंवा पानांत लांब धागे असतात त्यांच्यापासून: अंबाडी, रुई, घायपाताची पानं. अंबाडीसारख्या दांड्यांना पाण्यात काही दिवस कुजवावं लागतं. पाण्यातले जिवाणू धाग्यांना चिकटवून ठेवणारं पेक्टिन खातात आणि धागे सुटे होतात. कमी कुजवलं तर साल चिकटून राहते, जास्त कुजवलं तर धागाच कमजोर होतो. रोज एक दांडा काढून, सोलून बघायचा. घड्याळ उपयोगाचं नाही, नाक आणि बोटं उपयोगाची. रुईच्या चिकापासून डोळे जपा मात्र.

फ्रान्समधल्या आब्री द्यू मारा या ठिकाणी एका दगडी पात्याला चिकटलेला दोरीचा तुकडा सापडला. लांबी जेमतेम ६ मिलिमीटर. वय ४१ ते ५२ हजार वर्षांच्या दरम्यान, म्हणजे नीअँडरथल माणसांच्या हातचा. २०२० साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन पेड, प्रत्येकाला एका दिशेचा पीळ आणि तिघांना मिळून उलट दिशेचा. मी वर लिहिलं तेच तंत्र. ते वाचलं त्या दिवशी मी हातातली अर्धवट दोरी बाजूला ठेवून बराच वेळ तिच्याकडे बघत बसले होते. कुणीतरी, जे आपल्यासारखं दिसतही नव्हतं, याच हालचाली करत होतं.

सरळमार्गी

लेख आवडला, पण एक प्रश्न आहे, राग मानू नका. खिशात लायटर असताना आठ दिवस हे का करायचं? आणि रानात आठ दिवस धनुकली ओढण्यापेक्षा मी त्या वेळात झाडं लावली असती, तर निसर्गाचं जास्त भलं झालं नसतं का?

पालापाचोळा

@सरळमार्गी, राग कसला? हा प्रश्न मलाही घरून विचारला गेलाय.

पहिलं म्हणजे, रानात जाताना माझ्या खिशात लायटर असतोच, शिवाय मेण लावलेल्या काड्या वेगळ्या पुडीत. थंडीने बोटं वाकेनाशी झाली असताना धनुकली हातात घेणं धोक्याचं आहे. तहान लागल्यावर विहीर खणायची नसते. आग हाताने पेटवायला शिकायचं ते कोरड्या, निवांत दिवशी, घराच्या आसपास.

झाडं लावण्याबद्दल तुमचं म्हणणं मान्य आहे, मीही लावतो. पण मला असं दिसलं की धनुकली शिकण्याआधी मी लावायचो ती 'झाडं' होती. आता मी प्रत्येकाच्या नावाने लावतो. कुठलं ओढ्याकाठी जगेल, कुठलं खडकाळात, कुणाची साल कोण खातं, कुणाच्या ढोलीत कोण राहतं. आठ दिवस लाकडाशी झटापट केली नसती तर ही चौकशी मी केलीच नसती. लायटर मला आग देतो, पण लाकडाबद्दल काही विचारायला लावत नाही. दोन्ही कामं करू ना.

@दोनपेडी ताई, विषम दुमडण्याचं सोनं सांगितलंत. आज रात्रीच करतो.

कुंभारमाती

सविस्तर प्रतिसाद देतो, कारण मातीबद्दल कुणी लिहिलेलं नाही आणि मला वाटतं हे सगळ्यांत सोपं दार आहे. सुरी नको, धार नको, लहान मुलंही बसू शकतात.

ओढ्याच्या काठावर पाणी कमी झालं की भेगाळलेले चिकट थर दिसतात. मूठभर माती घ्या, दगड-मुळं काढा, पाणी घालून मळा, करंगळीएवढी वळी करा आणि बोटाभोवती गुंडाळा. वळीला भेगा पडल्या नाहीत तर माती भांड्याच्या लायकीची. पडल्या तर तिच्यात वाळू किंवा गाळ जास्त आहे.

पण नुसती चिकणमातीही चालत नाही, ती वाळताना फार आकसते आणि तडकते. म्हणून तिच्यात भरड काहीतरी घालायचं: बारीक वाळू किंवा जुन्या फुटक्या मातीच्या भांड्याचा कुटलेला चुरा. साधारण चार भाग मातीला एक भाग. मला चुरा आवडतो, कारण तो एकदा भाजलेला असल्यामुळे पुन्हा आकसत नाही. शिवाय, एक भांडं फुटलं की दुसऱ्याच्या अंगात जातं, हेही मला आवडतं.

वळ्यांवर वळ्या ठेवत, आतून-बाहेरून बोटाने सांधत भिंत चढवा. मग वाळवणं, आणि इथेच सगळे चुकतात. सावलीत, वारा थेट लागणार नाही असं, आठवडाभर तरी. सुकलं असं वाटलं की भांडं गालाला लावून बघा. गार लागलं तर आत अजून पाणी आहे. त्या पाण्याची आगीत वाफ होऊन भांडं फुटतं, आणि शेजारची भांडीही घेऊन जातं.

भाजताना आधी शेकोटीच्या कडेला ठेवून तासन्‌तास फिरवत शेकायचं. मग निखाऱ्यांत, मग वरून लाकूड रचून मोठी आग. साधारण ६०० अंशांपर्यंत गेलं की मातीच्या कणांत बांधलेलं पाणीही निघून जातं, आणि मग ती माती पुन्हा कधी पाण्यात विरघळत नाही. त्या क्षणाआधी ती चिखल होऊ शकते, त्यानंतर नाही. आग विझल्यावर लगेच उकरू नका. रात्रभर राखेत राहू द्या.

चीनमधल्या शियानरेनदोंग गुहेत सापडलेली खापरं सुमारे २० हजार वर्षांपूर्वीची आहेत. म्हणजे शेती सुरू व्हायच्या कितीतरी आधी माणसं भांडी भाजत होती. माझी पहिली सात भांडी फुटली. आठवं राहिलं. थोडं वाकडं आहे, पाणी झिरपतं, आणि मी ते कुणालाही देणार नाही.

काळजीवाहू

चर्चा सुंदर चाललीय. मी प्राथमिक उपचारांचं काम करतो, म्हणून दोन-चार गोष्टी कळकळीने सांगतो. नवीन मंडळींनी वगळू नका.

रानातलं काहीही 'थोडं चाखून बघू' या पद्धतीने खाऊ नका. काही पुस्तकांत आधी त्वचेला लावा, मग ओठाला, मग थोडं खा अशी चाचणी दिलेली असते. अळंब्यांच्या बाबतीत ती पूर्ण निरुपयोगी आहे. डेथ कॅप नावाची अळंबी खाल्ल्यावर सहा-बारा तास, कधी त्याहूनही जास्त, काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, मग माणसाला बरं वाटायला लागतं, आणि त्याच काळात यकृत निकामी होत असतं. शिजवल्याने ते विष जात नाही. गाजराच्या कुळातही हाच घोळ: रानगाजर आणि जीवघेणा हेमलॉक यांची पानं-फुलं नवख्याला सारखीच दिसतात. वनस्पती शिका, जरूर शिका, पण खाण्याआधी ती ओळखणारा माणूस शेजारी उभा हवा, आणि वर्षभर सगळ्या ऋतूंत तुम्ही ती पाहिलेली हवी.

पाणी: खळखळून उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट. साधारण २००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं, कारण उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. उकळल्याने जंतू मरतात, रसायनं जात नाहीत. ज्या ओढ्याच्या वरच्या अंगाला कारखाना किंवा फवारलेली शेतं आहेत तिथलं पाणी उकळूनही पिऊ नका.

नदीतले दगड शेकोटीभोवती लावू नका. आतली ओल वाफ होऊन दगड फुटतो आणि कपचे उडतात. माझ्यासमोर एका मुलाच्या भुवईवर कपचा बसला आहे. डोळा बोटभर अंतराने वाचला.

आणि आग विझवणं म्हणजे वरून माती टाकणं नव्हे. मातीखाली निखारे तासन्‌तास जिवंत राहतात, मुळांतून पसरतात. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि शेवटी हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघा. ऊब लागली तर अजून विझलेली नाही. वणव्याच्या दिवसांत तर पेटवूच नका. कुणाची जमीन आहे, आग लावायला परवानगी आहे का, हे आधी विचारा.

सांजपाखरू

+१ काळजीवाहू. वाचनखूण साठवली.

मला या सगळ्यांत पाऊलखुणांचं वेड आहे. यात काही तोडावं लागत नाही, पेटवावं लागत नाही. फक्त वाकावं लागतं.

नवख्यांसाठी एकच युक्ती सांगते: सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जा, आणि खूण तुमच्या नि सूर्याच्या मध्ये येईल असे उभे राहा. तिरप्या उजेडात प्रत्येक कडेची सावली पडते. दुपारी त्याच वाटेवर काहीच दिसत नाही. कुत्र्याच्या कुळातला ठसा लांबट आणि दोन्ही बाजूंनी सारखा, बहुतेक वेळा नखांसकट. मांजराच्या कुळातला गोलसर, एक बोट जरा पुढे, नखं सहसा नाहीत, आणि तळव्याच्या गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे. मांजर चालताना मागचा पाय बरोबर पुढच्याच्या ठशात ठेवतं. पुढचा पाय कुठे निःशब्द टेकला ते त्याला ठाऊक असतं, मागचा तिथेच.

ठसा किती जुना, हे कळण्यासाठी मी स्वतःचाच ठसा मातीत उमटवते आणि रोज येऊन बघते. पहिल्या दिवशी कडा तीक्ष्ण, मग वाऱ्याने कण आत घरंगळतात, मुंग्या कड फोडतात, दवाचे खड्डे पडतात. तीन आठवडे एकच ठसा पाहिला. त्यातून जे शिकले ते कुठल्याही चित्रातून शिकले नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे बैठक. एक जागा ठरवायची, घरापासून चालत जाता येईल अशी, आणि शक्य तितक्या वेळा तिथे जाऊन अर्धा तास गप्प बसायचं. पहिली दहा-पंधरा मिनिटं रान तुमच्यामुळे दचकलेलं असतं. मग ते पूर्ववत होतं. मग कुठून तरी एका पक्ष्याचा आवाज बदलतो आणि तुमच्या लक्षात येतं, कुणीतरी येतंय. उत्तर अमेरिकेतल्या चिकडी नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्यावर २००५ साली एक अभ्यास आला होता. धोक्याची हाक देताना तो शेवटचा 'डी' किती वेळा म्हणतो, त्यावरून शिकारी किती घातक आहे ते कळतं. छोट्या चपळ घुबडासाठी जास्त 'डी', मोठ्या अवजड घुबडासाठी कमी, कारण एवढासा पक्षी पकडायला छोटं घुबडच जास्त तरबेज. आता विचार करा, आपल्याला बघून ते काय म्हणत असतील. माझ्या बैठकीच्या जागेवरचे पक्षी आताशा मी आले तरी बोलायचे थांबत नाहीत. हे व्हायला चौदा महिने लागले.

चकमकगार

एक गोष्ट बोलायला हवी असं वाटतं म्हणून लिहितोय.

मी दगडाची पाती घडवतो. चकमकीचा दगड किंवा ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची काच, योग्य कोनात ठोकला की शिंपल्यासारखा वळणदार कपचा निघतो. घडवताना चष्मा घाला आणि उघड्यावर बसा, त्या दगडाची धूळ फुफ्फुसांत गेली तर कायमची राहते. केनियातल्या लोमेक्वी इथली घडवलेली दगडी हत्यारं ३३ लाख वर्षांपूर्वीची आहेत. माणूस म्हणावा असं कुणी तेव्हा नव्हतंही.

पण मला सांगायचंय ते इशीबद्दल. कॅलिफोर्नियातल्या याही जमातीचा तो शेवटचा माणूस. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याची माणसं मारली, उरलेले काही जण वर्षानुवर्षं लपून जगले आणि तेही गेले. १९११ च्या ऑगस्टमध्ये तो एकटाच ओरोविल गावाशी बाहेर आला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात राहिला, तिथे लोकांना धनुष्य-बाण आणि दगडाची पाती कशी करतात ते दाखवलं, आणि १९१६ साली क्षयाने वारला. इशी म्हणजे त्यांच्या भाषेत 'माणूस'. त्याचं खरं नाव कुणालाच कळलं नाही. स्वतःचं नाव स्वतः सांगायचं नाही अशी रीत, आणि त्याची ओळख करून द्यायला मागे कुणी उरलं नव्हतं.

आज जगभरचे हौशी लोक जे पातं घडवतात त्यात त्याच्या हातचं काहीतरी आहे. मी शिकवायला बसतो तेव्हा आधी हे सांगतो. ही कसबं 'हरवलेली' नाहीत. बऱ्याच ठिकाणी ती हिरावली गेली आणि काही ठिकाणी ती माणसं आजही जगतायत, आजही करतायत. आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटातले सान लोक आजही जनावरांचा माग काढतात. ऑस्ट्रेलियातले मूळ निवासी थंड मोसमात छोट्या, हळू चालणाऱ्या आगी लावून रान राखतात, आणि बरीच वर्षं त्यांना तसं करण्यापासून अडवलं गेलं. तेव्हा कुणाकडून शिकलो ते नाव घेऊन सांगा, आणि ते आपल्याला फुकट मिळालं असं समजू नका.

आणि झाडाचंही तसंच. साल काढताना खोडाभोवती पूर्ण वलय काढलं तर झाड मरतं, कारण पानांत तयार झालेलं अन्न सालीतूनच खाली मुळांकडे जातं. पडलेल्या किंवा छाटलेल्या फांदीची साल घ्या. उभ्या झाडाला हात लावू नका.

पालापाचोळा

@चकमकगार, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मूळ लेखात हे यायला हवं होतं. मी ज्यांच्याकडून बसण्याची पद्धत शिकलो त्यांचा साधा उल्लेखही केला नाही, ते चुकलं. पुढच्या वेळी त्यांना विचारून लिहितो.

काल रात्री पानांच्या निवाऱ्यात झोपलो, त्याबद्दल थोडक्यात. एक लांब आडवी फांदी, दोन्ही बाजूंना काटक्यांच्या फासळ्या, आणि वर वाळक्या पानांचा ढीग. माझी पहिली चूक म्हणजे निवारा ऐसपैस केला. आपल्या अंगाची ऊब एवढी जागा तापवू शकत नाही. कूस बदलता येईल एवढाच हवा. दुसरी चूक, वरचा थर वीतभर दिला. तो हातभर हवा, कारण ऊब पानांमुळे टिकत नाही, पानांमध्ये अडकलेल्या हवेमुळे टिकते. आणि खाली अंथरूण वरच्यापेक्षा महत्त्वाचं. जमीन रात्रभर ऊब ओढत राहते. दाबून बसवल्यावरही वीतभर जाडी उरेल इतकी पानं खाली घाला. मी पहाटे तीनला कुडकुडत उठलो आणि उजाडेपर्यंत पानं गोळा करत होतो. त्या वेळात एक साळिंदर अगदी जवळून गेलं, काट्यांचा सळसळाट करत. घरात गाढ झोपलो असतो तर ते कळलंही नसतं.

नवीपालवी

मी इथे नवीन आहे, पहिलाच प्रतिसाद. हा धागा गेल्या रविवारी वाचला आणि मुलीबरोबर दोरी करायला बसले. ती नऊ वर्षांची आहे. तिला माझ्याआधी जमली. दोनपेडी ताई, तुमच्या सांगण्याप्रमाणे विषम दुमडून केली. दीड हात झाली आहे आणि तिने ती मनगटावर बांधून ठेवलीय, अंघोळीलाही काढत नाही.

काल आम्ही दोघींनी धनुकली केली. दोरी मात्र विकतची घेतली. धूर येतो, भुसा काळा पडतो, पण हात थांबवला की धूर लगेच थांबतो. खाच पालापाचोळा यांनी सांगितली तेवढीच आहे. काय चुकत असेल?

पालापाचोळा

@नवीपालवी, पहिल्याच आठवड्यात काळा भुसा म्हणजे तुम्ही अगदी उंबऱ्यात आहात. मुलीला शाबासकी सांगा.

भुसा काळा आहे आणि खाच बरोबर आहे, तर मला दोन शंका येतात. एक, खाचेखाली काय ठेवलंय? फळी थेट जमिनीवर असेल तर माती भुशाची ऊब ओढून घेते आणि त्याला ओल लावते. खाचेखाली वाळकं पान किंवा सालीचा पातळ तुकडा सरकवा. निखारा उचलायलाही तोच कामी येतो. दुसरं, तुम्ही दमून थांबत असाल. धूर दाट झाला की थांबायचा मोह होतो, मलाही व्हायचा. तिथून पुढे आणखी वीस-तीस ओढी, त्याही सगळ्यांत जोरात. मुलीला समोर बसवून ठोकळ्यावर तिचाही हात ठेवायला सांगा आणि धनुकलीची दोन टोकं दोघींनी धरून ओढा. दोघांनी मिळून केलं की दम टिकतो.

खाच भरून वर ढीग आला की थांबा, आणि धुराकडे बघा. कसा येतोय ते इथे लिहा.